हात लावलेला घोडा

चौसाळ्यात संध्याकाळी बाईला बसायला जागा नाही. हायवेच्या हॉटेलात पुरुष बसतात, पानटपरीपुढे पुरुष उभे असतात, पारावर म्हातारे पुरुष पाय पसरून असतात. देवळात बाई बसू शकते, पण हात जोडून आणि थोडाच वेळ. मला मांडी ठोकून, कपाळाला आठ्या घालून, कुणाला काही सांगावं न लागता तासन्‌तास बसायचं होतं. तशी जागा मला गावात एकच मिळाली. खताच्या दुकानामागची खोली, जिथं आमचा बुद्धिबळाचा क्लब भरतो. अंबाजोगाईचं कॉलेज संपवून मी परत आले तेव्हा घरात माझा जीव गुदमरत होता. ती खोली नसती तर मी गावात टिकले नसते. म्हणूनच ती जाईल या भीतीनं त्या वर्षीच्या सुगीचे सगळे दिवस मला खाल्लं.

खोली दादांची. दुकान दादांचं, दुकानावरचा मजला दादांचा, पुढचा ओटाही त्यांचाच. गावातली निम्मी भांडणं त्या ओट्यावर मिटतात आणि उरलेली तिथंच सुरू होतात. ते पूर्वी निवडून आलेले आहेत, पुन्हा येतील असं सगळे धरून चालतात. त्यांना बुद्धिबळाचा नाद आहे. नाद आहे म्हणूनच मागची खोली त्यांनी खेळणाऱ्यांना वापरायला दिली होती. कागदबिगद काही नाही. "खेळा की," असं म्हणाले होते, एवढंच.

क्लब हा शब्द आम्ही मोठ्या तोऱ्यानं वापरायचो. सामान बघितलं असतं तर कुणी हसलं असतं. चार पट. त्यातले दोन रेक्झिनचे, गुंडाळून ठेवायचे, त्यामुळे मांडले की कडा वर यायच्या आणि कोपऱ्यातले हत्ती डुलायचे. कडांवर आम्ही खताच्या दुकानातली जुनी वजनं ठेवायचो. एका संचातला काळा उंट हरवला होता, त्याच्या जागी टॉर्चचा सेल उभा असायचा. सगळ्यांना त्या सेलाची इतकी सवय झाली होती की "सेल मार, सेल" असं ओरडताना कुणाला वेगळं वाटत नसे. घड्याळ नव्हतं. मोबाइलमध्ये घड्याळ लावायचो, मग मध्येच कुणाच्या तरी सासुरवाडीचा फोन यायचा आणि वेळ कुणाचा चालू होता यावर भांडण व्हायचं.

हे सगळं सांभाळायचे आबा. आबा पोस्टातून रिटायर झालेले. महिन्यातून एकदा ते पटांवरची सगळी मोहरी घरी नेऊन साबणाच्या पाण्यात धुवायचे आणि गच्चीवर वाळत घालायचे. कारण तंबाखू. आमच्याकडे विचार करायचा म्हणजे तंबाखू मळायची. चुन्याची बोटं तशीच पटावर जायची आणि आठवड्याभरात काळे घोडे पांढरे व्हायला लागायचे.

तंबाखूचा आणखी एक उपयोग होता, आणि तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दादा खेळायला बसले की चाल परत घ्यायचे. मोहरं उचलायचे, ठेवायचे, हात काढायचे, मग "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे" म्हणून परत उचलायचे. त्या क्षणी समोरचा माणूस खिशातून डबी काढायचा. मान खाली. डबी उघडायची, चिमूट घ्यायची, चुना लावायचा, अंगठ्यानं मळायची. मान वर यायच्या आत पट पूर्वीसारखा झालेला असायचा. समोरच्यानं काही पाहिलेलं नसायचं, त्यामुळे काही झालेलंही नसायचं. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. नवा माणूस क्लबात आला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपोआप डबी काढायला लागायचा. गल्लीतले टेलरमामा तर तंबाखू सोडून बसलेले, पण दादांशी खेळायचं असलं की रिकामी डबी घेऊन यायचे.

मी तंबाखू खात नाही. त्यामुळे दादांशी खेळताना डोळे कुठं ठेवायचे हा माझा खरा प्रश्न होता. मी पटाकडेच बघत राहायचे. दादांना ते आवडायचं नाही, पण तसं ते कधी बोलले नाहीत. ते फक्त माझ्याशी कमी खेळायला लागले आणि मला "वकीलबाई" म्हणायला लागले.

माझ्या स्वभावाचा दोष वडिलांच्या पत्रकांकडे जातो. वडील ऊसतोड कामगारांच्या संघटनेचं काम करतात. घरात पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. टोळ्या कारखान्यांकडे निघायच्या आधी वडील ती वाटत फिरायचे. त्या पत्रकांवर मी वाचायला शिकले, त्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहायला शिकले. पत्रकातलं वाक्य कधी "कदाचित"नं सुरू होत नाही. ते थेट म्हणतं की हे असं आहे आणि हे चालणार नाही. मला अजूनही तशीच वाक्यं बरी वाटतात.

सुगीच्या तोंडावर आबांनी अंबाजोगाईच्या क्लबाला पत्र धाडलं, मैत्रीचा सामना खेळायला या म्हणून. तिकडून होकार आला. त्यांच्याकडे खरी घड्याळं होती, वजनदार मोहरी होती, डॉक्टर-प्राध्यापक खेळणारे होते. होकार आल्यावर आबांची झोप उडाली.

"पोरी," ते मला म्हणाले, "आपली माणसं लई वांड हायेत. पावन्यापुढं फजिती नको. कसं बसावं, कसं खेळावं, एका कागदावर लिहून दे. भिंतीला लावू."

मी लिहिलं. लिहायला बसले की माझ्या अंगात वडिलांचं पत्रक येतं, ते तेव्हाही आलं. उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर आलं पाहिजे. ज्या हातानं चाल केली त्याच हातानं घड्याळ दाबायचं, आणि दाबायचं, थापटायचं नाही. पटाच्या टेबलावर चहा नको. तंबाखू बाहेर. बघणाऱ्यानं बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही, कारण आमच्याकडे खोकल्यातून चाल सांगता येते. हरल्यावर मोहरी उधळायची नाहीत, हात मिळवायचा. मोहरं नुसतं नीट ठेवायचं असेल तर आधी "सारखं करतो" असं मोठ्यानं म्हणायचं आणि मगच बोट लावायचं. न बोलता हात लावला तर तेच मोहरं हलवावं लागेल. आणि सगळ्यांत वर, जाड अक्षरात मी लिहिलं होतं: पटावर कुणी मालक नाही.

आबांनी कागद वाचला. वरच्या ओळीवर ते बराच वेळ थांबले.

"ही वळ पायजेच का?"

"तिच्याशिवाय बाकीच्या ओळींना अर्थ नाही, आबा."

"आगं, अर्थ आमाला कळतोय. खोली कुनाची हाय त्ये बी कळतंय."

तरी त्यांनी कागद लावला. मला वाटतं, त्यांनाही तो कुणीतरी लावावा असं बरीच वर्षं वाटत असणार. पण लावल्यावर ते भिंतीकडे पाठ करून बसायला लागले.

दादांनी कागद दुसऱ्याच दिवशी वाचला. चष्मा वर करून, हात मागे बांधून, सगळा. मी समोरच्या पटावर आबांशी खेळत होते आणि माझं प्यादं कुठं होतं तेही मला दिसेना. दादा वाचून झाल्यावर हसले.

"अक्षर चांगलं हाय," एवढंच म्हणाले.

त्या हसण्याचा मी रात्रभर अर्थ लावत बसले. आईला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. म्हणाली, "खोली त्येंची, लाईट त्येंची, खुर्च्या त्येंच्या. तू कोन नियम लावनारी? उद्या म्हनले निघा, तर जाशील कुटं? परत हितं घरात येऊन माझ्यावर चिडशील."

वडील माझ्या बाजूनं बोलतील अशी माझी खात्री होती. ते जेवता जेवता थांबले. "पत्रक वाटनारा मानूस वाटतो आन गाडी पकडून पुढच्या गावाला जातो," ते म्हणाले. "तुला रोज त्याच खोलीत जाऊन बसायचंय. ह्यो फरक ध्यानात ठेव." त्यांनी मला कागद काढ म्हणून सांगितलं नाही. पण त्यांच्याही चेहऱ्यावर काळजी दिसली तेव्हा मी खरी घाबरले.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट ठरली. पंच कोण? पाहुण्यांनी सुचवलं की जागा तुमची, पंच तुमचा. आबा म्हणाले, पोरगी करेल, नियम तिनंच लिहिलेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या माना इतक्या झटपट हलल्या की मला कळलं, हे ओझं कुणालाच नको होतं. मला खेळायचं होतं. तिसऱ्या पटावर मी बसणार होते. माझ्या जागी टेलरमामा बसले. आणि पहिल्या पटावर, अर्थातच, दादा.

पाहुणे दुपारी आले. त्यांनी पिशव्यांतून घड्याळं काढली, काळी, जाड, दोन पडद्यांची. आमच्या माणसांनी ती हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. टेलरमामांनी सेलाची जागा शोधली आणि म्हणाले, "आमच्यात सेल पटावर असतो, तुमच्यात घड्याळात." पाहुणे हसले. थोडं मोकळं वाटलं. दादांसमोर एक डॉक्टर बसले, तिशीतले, अंबाजोगाईला दवाखाना असलेले. सभ्य माणूस. बसण्याआधी त्यांनी दादांना नमस्कार केला, मग आपली सगळी मोहरी "सारखं करतो" म्हणून घरांच्या मधोमध आणली. दादांनीही मग तसंच म्हटलं आणि राजाला बोट लावलं. मला वाटलं, झालं, निभावलं.

पहिला तास निभावलाही. मी पटांच्या मधून फिरत होते. पंचानं काय करायचं असतं हे मी वाचलेलं होतं, पण समोर दादा असताना ते कसं करायचं हे कुठं लिहिलेलं नसतं. मी दर फेरीला पहिल्या पटाजवळ थांबत होते आणि थांबल्यासारखं दिसू नये म्हणून खिडकीबाहेर बघत होते. दादांच्या खुर्चीमागे त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर उभा होता. बघणाऱ्यांनी मागं उभं राहायचं नाही असंही मी लिहिलं होतं. त्याला हटवायचं धाडस मला झालं नाही.

दादा काळ्या मोहऱ्यांनी खेळत होते आणि चांगलं खेळत होते. डॉक्टरांनी वजीर आणि त्याच्या मागं उंट असे एका तिरक्या रेषेत लावले होते, दादांच्या राजाशेजारच्या प्याद्यावर डोळा ठेवून. त्या प्याद्याला दादांचा घोडा राखत होता. घोडा तिथं उभा होता तोवर काही भीती नव्हती.

दादांनी घोडा उचलला.

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. घोडा पटापासून वीतभर वर गेला, एका प्याद्यावर जाऊन थांबला. आणि तिथं, हवेत, दादांना ती तिरकी रेषा दिसली. त्यांच्या मनगटावरून ते मला कळलं. मनगट ताठ झालं. मग घोडा सावकाश माघारी आला आणि जुन्या घरात बसला. "ऱ्हाऊ दे," दादा पुटपुटले.

आणि खोलीतल्या आमच्या सगळ्या माणसांचे हात खिशाकडे गेले. तंबाखू बाहेर ठेवायचं ठरलं होतं, डब्या कुणाकडेच नव्हत्या, तरी हात गेले. आबांनी रिकाम्या तळव्यावर अंगठा फिरवायला सुरुवात केली. ते बघून मला रडू येईल असं वाटलं.

डॉक्टरांना ही रीत माहीत नव्हती. त्यांनी घड्याळ थांबवलं, हात वर केला आणि शांतपणे म्हणाले, "पंच?"

मी पुढं झाले.

"यांनी घोड्याला हात लावलाय. घोडा हलवावा लागेल, असं मला वाटतं."

"सारखं करत होतो," दादा म्हणाले. माझ्याकडे न बघता.

"दादा सारखंच करत होते की," मागून ड्रायव्हर म्हणाला. "म्या बगितलं ना."

"तुम्ही बोलू नका," मी म्हणाले. त्याला बोलले म्हणून बरं वाटलं, कारण त्याला बोलणं सोपं होतं. दुकानातला वजनकाटा खाली आदळल्याचा आवाज आला.

मी काय विचार केला हे प्रामाणिकपणे सांगायचं तर मी तत्त्वाचा विचार केला नाही. मी खोलीचा विचार केला. खिडकीतून येणारा औषधाच्या पावडरीचा आणि खताचा उग्र वास, कडा वर आलेले पट, माझी भिंतीकडची खुर्ची. उद्यापासून संध्याकाळी सात वाजता मी कुठं असेन ते मला स्पष्ट दिसलं. आमच्या स्वयंपाकघरात. एक शब्द बोलले असते की दादा घोडा नीटच करत होते, तर डॉक्टरांनी मान्य केलं असतं. ते तसेच होते. सामना मैत्रीचा होता. कुणाचं काही गेलं नसतं.

पण घोडा वीतभर वर होता. घोडा सारखा करायला त्याला हवेत न्यावं लागत नाही.

"दादा," मी म्हणाले, "आधी बोलला नाहीत. घोडा हलवावा लागेल."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू आपल्या ओट्यावर हे कोण आलंय याची ओळख पटवतायत. मग घड्याळाकडे बोट केलं. "चालू करा."

मी घड्याळ चालू केलं.

दादा खूप वेळ बसले. आम्ही त्यांना इतका विचार करताना कधीच बघितलं नव्हतं, कारण त्यांना कधी करावा लागलाच नव्हता. कानशिलावरून घाम आला. शेवटी त्यांनी घोडा त्या तिरक्या रेषेत आडवा टाकला. डॉक्टरांनी तो मारला. राजा वाचला, पण घोडा फुकट गेला. त्यानंतरही दादा तासभर झुंजले, प्रत्येक चालीला, न उठता, चहा न घेता. मग हरले. उठून डॉक्टरांचा हात हातात घेतला, "पुना या" म्हणाले, आणि माझ्या अंगावरून बाहेर गेले.

सामना आम्ही हरलो. पाहुणे गेले. आबा मोहरी पिशवीत भरत राहिले. "बरोबर केलंस," ते खाली बघून म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "पर पोरी, आता काय हुतंय बघ."

दोन दिवस काही झालं नाही. ते दोन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. दुकानावरून जाताना मी ओट्याकडे बघायचे नाही आणि तरी ओट्यावर कोण कोण आहे ते मला माहीत असायचं. तिसऱ्या संध्याकाळी खोलीपाशी गेले तर आबा आणि टेलरमामा बाहेर उभे. खोलीचं दार सताड उघडं. आत सोयाबीनची पोती. जमिनीपासून छतापर्यंत, भिंतीपासून भिंतीपर्यंत. आमच्या खुर्च्या बाहेर बोळात एकावर एक ठेवलेल्या. पटांची पिशवी वरच्या खुर्चीवर.

"माल आलाय म्हनं," टेलरमामा म्हणाले. "सुगी हाय. माल येनारच की."

माल खरंच आला होता. दादा सुगीत सोयाबीनही विकत घ्यायचे. ते सुगीचे दिवस होते, रोज ट्रॅक्टर येत होते, त्यांची दुसरी गोदामंही भरली होती. मागच्या वर्षी सुगीला ही खोली भरली नव्हती. त्याच्या आधीच्या वर्षी? आबांना नीट आठवेना. यातच त्या गोष्टीचा खरा त्रास होता. कुणी आम्हाला हाकललं असतं तर मी त्याच रात्री पत्रक लिहिलं असतं. सोयाबीनविरुद्ध काय लिहिणार?

टेलरमामांच्या दुकानात बसू, असं पुरुषांनी ठरवलं. शटर अर्धं ओढून, दोन पट बसतील. माझ्याबद्दल कुणी काही बोललं नाही. अर्ध्या ओढलेल्या शटरच्या आत मी बसणार नाही हे सगळ्यांनी धरूनच घेतलं होतं. आईनंही. मी घरी मोबाइलवर खेळायला लागले. समोर माणूस नसतो, हात लावायला मोहरं नसतं, बोट उचललं की चाल झालेली असते. तिथं कुणाला दादा व्हायला जागाच नाही. मला ते अजिबात आवडलं नाही.

आठवडा गेल्यावर मला ते सहन होईना. मी सकाळी सरळ ओट्यावर गेले. दादा खुर्चीत होते, दोन-चार शेतकरी उभे होते, ड्रायव्हर खांबाला टेकून.

"दादा, खोली कधी मोकळी होईल?"

ड्रायव्हर म्हणाला, "माल दिसत न्हाई का तुला?"

"दिसतोय. म्हणून कधी, विचारलं."

"कावून? कागद आजून लावायचे ऱ्हायलेत का?" तो म्हणाला आणि शेतकरी हसले.

दादा हसले नाहीत. त्यांनी मला बसायची खूण केली. ओट्यावर एक रिकामी खुर्ची होती. त्या ओट्यावर बसलेली बाई मी कधी बघितली नव्हती. मी बसले.

"त्यो घोडा," दादा म्हणाले. "तू त्यो हलवायला लावलास म्हनून मी हारलो. गाव तसंच म्हनतंय. तुला काय वाटतं?"

त्यांना उत्तर काय हवं आहे हे समजायला फार अक्कल लागत नव्हती. हो दादा, नाहीतर तुम्हीच जिंकत होता. ते खोटंही नव्हतं पुरतं. घोडा जागेवर राहिला असता तर ते सुस्थितीत होते. नुसती मान हलवली असती तर चाललं असतं. मी तो डाव आठवडाभर रोज रात्री डोळ्यांपुढं मांडत आले होते, आणि मला जे दिसलं होतं ते दादांना फार लागणारं होतं.

"नाही दादा. घोडा हलवूनही तुम्ही वाचत होता."

दादा खुर्चीत पुढं सरकले.

"कसं?"

"डॉक्टरांचा राजा कोपऱ्याजवळ आला होता. तुम्ही घोडा आडवा टाकलात. तो पुढं नेला असता तर शह बसत होता. मागून तुमच्या उंटाचा आधार होता, मारता आला नसता. ते शह काढेपर्यंत तुम्हाला एक चाल मिळत होती. एक प्यादं पुढं सरकवून रेषा बंद. काहीच गेलं नसतं."

दादांनी हवेत बोटानं घरं मोजली. मग पुन्हा मोजली. ड्रायव्हर काहीतरी बोलायला गेला तर त्याला हातानं थांबवलं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. माझ्यामुळे हरलो हे त्यांना परवडलं असतं, गाव त्यांच्या बाजूनं होतं. आता मी त्यांच्याकडून तेही काढून घेतलं होतं, चार माणसांत, त्यांच्याच ओट्यावर. मी मनात खोलीला रामराम केला.

"दिसलं कसं न्हाई मला," ते स्वतःशीच म्हणाले.

"तुम्ही माझ्यावर चिडला होता. पट बघत नव्हता."

हे मी का बोलले मला माहीत नाही. एका शेतकऱ्यानं घसा साफ केला.

दादा उठले. दुकानातून आत गेले, मागच्या दारापर्यंत. हमालांना हाक मारली. मला त्यांचं बोलणं तुटक ऐकू येत होतं. "ही थप्पी त्या भिंतीला घ्या. न्हाई, समदी न्हाई. म्होरली घ्या." मग बाहेर येऊन मला म्हणाले, "आर्धी खोली मोकळी करतो. आर्धीच. माल हाय. दार उगडं ठेवून खेळा." आणि शेतकऱ्यांकडे वळले, जणू मी तिथं कधी नव्हतेच.

त्याच संध्याकाळी आम्ही परत गेलो. अर्ध्या खोलीत दोनच पट बसत होते, त्यामुळे आता कोण आधी बसणार यावर तंटे व्हायला लागले. पाठीला पोती टेकायची, सोयाबीनची धूळ मोहऱ्यांवर बसायची, आबांचं धुणं दुप्पट झालं. भिंतीवरचा कागद पोत्यांच्या मागं गेला होता. तो तिथं आहे की हमालांनी फाडला, हे पोती हलल्याशिवाय कळणार नव्हतं.

दादा त्यानंतर दोनदा आले. दोन्ही वेळा आबांशी खेळले. मी दुसऱ्या पटावर, त्यांच्याकडे पाठ करून बसले होते, त्यामुळे त्यांनी चाल परत घेतली की नाही ते मी सांगू शकत नाही, आणि आबांना विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मागच्या बोळात टेम्पो रिव्हर्स घेतो तेव्हा त्याचा एक कर्कश पीप-पीप आवाज येतो. तो आला की आमचे खेळ थांबतात. सगळे दाराकडे बघतात. टेम्पो माल न्यायला आलाय की आणायला, हे हमालांनी टेम्पोचा मागचा फाळका पाडेपर्यंत कळत नाही. तेवढा वेळ मोबाइलमधलं घड्याळ चालूच राहतं, आणि ते कुणी थांबवत नाही.